पार्लरवालीचे केस

२६ सप्टेंबर

वांग्याच्या भाजीत आज पुन्हा केस निघाला. लांब, काळा, माझाच. घरात एवढा लांब केस दुसऱ्या कोणाचा असणार? सासूबाईंचे पांढरे, लेकीचे, योगिनीचे, खांद्यापर्यंत, आणि नवऱ्याच्या डोक्याबद्दल न बोललेलं बरं. (तोंडावर अहो म्हणते, पण डायरीत गणेशच लिहीन. डायरी माझी आहे.) तर गणेशनं तो केस ताटाच्या कडेला ठेवला आणि जेवत राहिला. मला त्याचाच राग आला. माणसानं एकदा ओरडावं तरी! ओरडायचं काम आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, केलं. "वैजू, डोक्शाले फडकं बांधून सैपाक करत जाय व माय. केस काई मसाला नोय."

फडकं बांधू! मालेगावात माझं पार्लर आहे. बायका माझी वेणी बघून माझ्याकडे येतात, हे मी न सांगताही सगळ्यांना माहीत आहे. "वैजयंतीसारखे केस पाहिजे" म्हणून खुर्चीत बसतात. आणि मी घरात फडकं बांधून फिरू?

अंगही फुगल्यासारखं वाटतं. सोयाबीन काढणीच्या उन्हात सगळे घामाघूम झालेत आणि मी पंखा बंद करा म्हणते.

३ ऑक्टोबर

वाशिमला जाऊन आले. थायरॉईड निघालं. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, गळ्यातली ग्रंथी आळशी झाली आहे, म्हणून थकवा, सूज, थंडी, केस, सगळं. रोज सकाळी उपाशीपोटी गोळी, चहा त्यानंतर तासाभरानं. केस आणखी काही महिने गळतील, मग थांबतील, मग येतील. "धीर धरा," म्हणाल्या. स्वतःच्या मनगटाएवढ्या जाड वेणीशी खेळत म्हणाल्या!

काय होतं ते रोज थोडं लिहीत चला, असंही म्हणाल्या. लिहिते आहे.

घरी आईंना समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "गळ्यातलं दुखनं, मंग केस काहून गळतेत? गळा कुठी, डोक्शं कुठी!" मलाही नीट कळलेलं नाही.

११ ऑक्टोबर

मालेगाव तालुक्यातल्या प्रत्येक बाईला माझ्या केसांवर औषध माहीत आहे. कांद्याचा रस. जास्वंदाची फुलं. मेथी भिजवून. एकीनं तर कोणाची नजर लागली त्या बाईचं नावही सांगितलं. नजर लावणारी तिची जाऊ निघाली.

कांद्याचा रस लावून पार्लर उघडलं. फेशियलला आलेली बाई डोळे मिटून पडली होती, पडल्या पडल्या म्हणाली, "भजे तळून राह्यल्या का व बाजूले?"

उद्यापासून कांदा बंद.

२ नोव्हेंबर

योगिनी शाळेत जाता जाता म्हणाली, "मम्मी, तुझा भांग पाह्य, हायवेसारखा झाला." नऊ वर्षांची पोरगी, तिला काय बोलायचं? तिची वेणी जरा घट्ट घातली, ती ओरडली, मग मलाच वाईट वाटलं.

दुपारी वाशिमहून गंगावन आणलं. आपल्या केसांच्या रंगाला अगदी जुळतं. पिना लावून वर अंबाडा घातला तर देवालाही कळणार नाही. नवरीमुलींना मी स्वतः किती गंगावनं लावली असतील! पण स्वतःला लावताना आरशात बघवेना, म्हणून पाठ फिरवून लावलं. दोनदा तिरपं बसलं.

संध्याकाळी प्रज्वल आला. गणेशचा चुलतभाऊ. आधी औषधांच्या कंपनीत फिरतीवर होता, आता स्वतःच कसल्या कसल्या ताकदीच्या वस्तू विकतो. सोनेरी डबा काढला. केसांच्या कॅप्सूल. "वैनी, डॉक्टर लोकं हे सांगत नाईत, काहून का त्याईचा धंदा बसते. रोज एक. अन् पार्लरमंदी ठेवा, बायका रांग लावतीन."

काही महिने धीर धरा म्हणणाऱ्या डॉक्टरपेक्षा रोज एक घ्या म्हणणारा माणूस बरा वाटला. डबे घेतले, एक मला, बाकीचे पार्लरला.

१४ नोव्हेंबर

गुण आहे! मोरी तुंबायची बंद झाली. आधी दर दोन दिवसांनी पाणी साचायचं, आता आठवडा झाला, भराभरा वाहून जातं. म्हणजे केस कमी गळताहेत. आईंना सांगितलं तर त्या माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या आणि उठून गाईला पाणी दाखवायला गेल्या. कोणाचं चांगलं झालेलं बघवत नाही काही लोकांना.

आणि गणेशला सकाळी न्हाणीघरात एवढा वेळ काय लागतो देव जाणे. माझ्याआधी उठतो, आत जाऊन बसतो. आज तर हातात क्लचवायरचा तुकडा होता. त्याचं गॅरेज घरात आणायचं आता एवढंच उरलं होतं.

दुपारी दुर्गाबाई आल्या. पोहरादेवीच्या अलीकडे त्यांचा तांडा आहे. मुलीचं लग्न फेब्रुवारीत, नवरीचं सगळं काम मला दिलं. मोठं काम आहे, साऱ्या तांड्यासमोर. जाताना माझ्या अंबाड्याकडे बघत म्हणाल्या, "काय लावतं व बाई तू? मले थायराइड हाय, माह्ये त पार गेले केस."

मी काय सांगणार होते? गंगावन म्हणून? सोनेरी डबा दाखवला. दोन घेऊन गेल्या. मलाही तेच आहे हे बोलले नाही. पार्लरवालीला आजार असतो का?

२० डिसेंबर

वाशिमला रक्त दिलं होतं, आज रिपोर्ट. मॅडम चष्मा वर करून बघत राहिल्या. म्हणाल्या, एवढ्यात एवढा फरक? आता तर गोळी जास्त होते आहे असं दिसतं. मग विचारलं, "दुसरं काही औषध घेता का?"

मी नाही म्हटलं. ते औषध कुठे आहे, ती तर केसांची कॅप्सूल. आणि सांगितलं असतं तर उगाच बोलणी खावी लागली असती.

गोळी निम्मी केली. बसमध्ये मला एवढा आनंद झाला की शेजारच्या बाईला सांगितलं. प्रज्वलला फोन केला. तो म्हणाला, "म्या सांगतलं नोयतं, वैनी? आता पाहा, गोळीच सुटते."

१७ जानेवारी

हळदीकुंकवाला चार घरी जायचं होतं, एका घरी जाऊन परत आले. पायऱ्या चढवत नाहीत. डोळ्यांखाली पिशव्या. पोट आठवडाभर साफ नाही. दुपारी गिऱ्हाइकाची भुवई करता करता झोप आली, दोरा हातातच. सकाळी कंगवा फिरवला तर केसांचा पुंजका.

रिपोर्ट चांगला, मग हे काय? मला वाटतं, ती निम्मी गोळीच आता बाधते आहे. गोळी चालू झाल्यापासून सुखाचा दिवस नाही. कॅप्सूल दोन करून पाहते.

आई म्हणाल्या, "दवाखान्यात जाय." म्हटलं, दवाखान्यानंच सांगितलं मी बरी आहे म्हणून! "मंग दवाखान्याले म्हनावं, माह्या सुनेकडे पाह्य एकडाव." सगळ्यांना माझ्याकडे बघायचंच आहे.

१२ फेब्रुवारी

लिहावंसं वाटत नाही. पण नाही लिहिलं तर रात्रभर डोक्यात फिरेल.

नवरी सुंदर दिसत होती, हे आधी लिहिते. काम चोख केलं होतं मी. मांडवात जायच्या आधी साडीच्या निऱ्या नीट करायला वाकले. तेवढ्यात नवरीनं मैत्रिणीला हाक मारायला हात वर केला. तिच्या बांगड्यांत माझी पिन अडकली, आणि अंबाडा, गंगावन, पिना, सगळं तिच्या हाताला लटकत वर गेलं.

खोलीत वीस-पंचवीस बाया. सगळ्या माझ्याकडे वळल्या. मग कोणाची तरी आत्या म्हणाली, "व माय! पार्लरवालीचेच केस हातात आले!" हशा. व्हिडिओवाला तर दारातच उभा.

माझे हात डोक्यावर. टाळू दिसते माझी, मला माहीत आहे किती दिसते.

दुर्गाबाई पुढे आल्या. "कॅमेरा बंद कर रे, भाऊसिंग!" म्हणून व्हिडिओ काढणाऱ्या दिराला ओरडल्या. स्वतःच्या खांद्यावरची ओढणी माझ्या डोक्यावर टाकली. नवरीच्या बांगड्यांतून गंगावन सोडवलं. मला वाटलं, ही बाई देव आहे. मग हळूच, माझ्याच कानात म्हणाल्या, "तुले बी थेच हाय न? अन् म्या तुह्या अंबाड्याकडे पाहून गोळ्या घेतल्या व बाई."

हसणाऱ्या पंचवीस जणींचं काहीच वाटलं नसतं मला.

१३ फेब्रुवारी

पार्लर बंद.

१८ फेब्रुवारी

आजही बंद. गणेश जेवायला बोलवायला आला तेव्हा माझा तोल सुटला. किती महिने झाले, माझे केस गेले, चेहरा सुजला, जगासमोर लाज गेली, आणि तुमाले काई दिसत नाई! एक शब्द नाही तुमचा. भाजीतला केस काढून ठेवता आणि जेवता! दगडाशी लग्न झालं असतं तर बरं होतं, निदान त्यावर धुणं तरी धुतलं असतं.

तो उभाच. हाताला ऑइल. मी म्हटलं, पाहा, आताही नाही बोलत!

बोलल्या आई. स्वयंपाकघरातून आल्या, हातात लाटणं. "त्याले काई दिसत नाई? मंग रोज पहाटे मोरीत वायर घालून केस कोन काढून राह्यलं व? पिशवीत भरून गॅरेजवर नेऊन टाकते. मले म्हने, आई, तिले दिसू देऊ नोको, ती घाबरते." मग गणेशकडे वळून, "अन् तू! तोंडात मूग धरून बसला चार महिने. वायरीनं मोरी साफ होते रे, बायको नाई साफ होत." म्हणजे बायकोचं मन, असं म्हणायचं असेल त्यांना.

म्हणजे मोरी वाहत होती ती त्याच्यामुळे. कॅप्सूलमुळे नाही.

मी काय करावं ते कळेना, म्हणून आणखी रडले. रागानंच रडले. चांगलं वागणाऱ्या माणसानं सांगायला नको का?

गणेश शेवटी बोलला. "उद्या वाशिमले जाऊ."

१९ फेब्रुवारी

मॅडमनी माझा चेहरा पाहिला आणि डिसेंबरचा रिपोर्ट पुन्हा मागितला. "रिपोर्ट एक सांगतो, तुम्ही दुसरंच सांगता. दुसरं काही घेता का?" मी नाही म्हणणार तोच गणेशनं पिशवी टेबलावर उपडी केली. कपाटातलं सगळं घेऊन आला होता. थायरॉईडची गोळी, डोकेदुखीची, कांद्याच्या तेलाची बाटली, आणि सोनेरी डबा. "हिच्या कपाटात हे होतं," म्हणाला. एवढंच.

मॅडमनी डबा फिरवून मागचं बारीक अक्षर वाचलं. बायोटीन. म्हणाल्या, हे एवढ्या जास्त प्रमाणात घेतलं की काही ठिकाणची थायरॉईडची तपासणी फसते. रक्तात नाही ते दाखवते. "तुमची गोळी जास्त होत नव्हती. कमीच पडत होती बहुतेक. आणि रिपोर्टवर विश्वास ठेवून मी ती अजून कमी केली."

मी विचारलं, "मंग हे केसाचं औषध हाय का नाई?"

"तुमचे केस थायरॉईडमुळे जाताहेत. त्यावर याचा उपयोग नाही."

रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. कॅप्सूल बंद, काही दिवसांनी पुन्हा रक्त.

२८ फेब्रुवारी

खरा रिपोर्ट आला. पहिल्या वेळेपेक्षाही वाईट. गोळी वाढवली.

प्रज्वल घरी आला होता. सगळं सांगितलं. तो डबा हातात घेऊन मागचं अक्षर वाचायला लागला. पहिल्यांदाच वाचत होता, ते त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं. मग म्हणाला, "पन वैनी, ज्याईले थायराइड नाई त्याईले त चालते न? घरी माल पडला हाय."

म्हटलं, माझ्या पार्लरमध्ये नाही. आई मध्ये पडल्या, "पोट्ट्या, आधी तू खाय रोज दोन, तुह्ये बी पुढचे गेले हायेत." तो हात कपाळावर फिरवत निघून गेला. खरंच गेले आहेत त्याचे.

रात्री आठवलं आणि उठून बसले. दुर्गाबाई.

४ मार्च

फोन करणार होते. तीनदा नंबर काढला आणि ठेवला. गणेश म्हणाला, "चाल, गाडीवर जाऊ."

वाटेभर त्यानं एक शब्द काढला नाही, आणि आज पहिल्यांदा मला ते बरं वाटलं.

दुर्गाबाई ओसरीवर बसल्या होत्या. चेहरा सुजलेला, आवाज घोगरा, मार्चच्या उन्हात अंगावर शाल. त्यांना पाहिलं आणि मला काही विचारायची गरज उरली नाही. तरी विचारलं. जानेवारीत रक्त तपासलं होतं. रिपोर्ट एकदम चांगला, म्हणून त्यांच्या डॉक्टरनं गोळीच बंद केली होती. "मले वाटलं लेकीच्या लग्नाचा थकवा हाय. म्हैनाभरापासून पानी बी उचलत नाई मले."

मी सगळं सांगितलं. गंगावन, माझा आजार, कॅप्सूल, मोरीसुद्धा. त्या ऐकत राहिल्या. मध्येच सुनेला चहा ठेवायला सांगितला. मला वाटलं, माफ केलं.

"चहा पे," म्हणाल्या, "मंग बोंबलतो मी तुह्या नावानं. पाहुनीले उपाशी बोललं त मलेच पाप लागन."

चहा झाला. आणि खरंच बोंबलल्या. घोगऱ्या आवाजात, थांबून थांबून, दम खाऊन. की मी त्यांना ते डबे इकले. की आजार लपवणारी बाई औषध कशी इकते. की तांड्यातल्या आणखी तिघींनी त्यांच्या सांगण्यावरून डबे घेतले, आता त्यांना तोंड कोणी दाखवायचं. शेजारच्या बाया दारात जमल्या. मी मान खाली घालून बसले. डोक्यावरचा पदर घसरला, तो वर घ्यायला हातही उचलला नाही.

मग एकदम विचारलं, "लाज वाटली म्हनून आली, का भेव वाटलं म्हनून आली?"

"दोनी."

"बरं. खोटं त नाई बोलली." आणि आत वळून हाक मारली, "त्या तिघीले बोलाव व. हे पार्लरवालीच सांगन त्याईले. मी नाई सांगत."

तिघींना सांगितलं. मग एकीचं म्हणणं, "पन मले त थायराइड नाई, मंग मी खाऊ का नोको?" मी म्हटलं, आधी तपास, मग बोल. ती म्हणाली, त्यापेक्षा कॅप्सूल स्वस्त पडते. डोकं आपटून घ्यावंसं वाटलं.

दुर्गाबाई दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जातो म्हणाल्या. निघताना माझ्याशी बोलल्या नाहीत. गणेशला मात्र म्हणाल्या, "सांभाळून न्या हिले."

२२ मार्च

पार्लर उघडलं. गंगावन नाही, अंबाडा नाही, आहेत तेवढे केस रबरात. सोनेरी डबे कपाटातून गेले. ज्यांना ज्यांना विकले त्यांना फोन केले, काहींनी फोन घेतले.

पहिली बाई आत आली, मला पाहिलं, "वैजयंती मॅडम नाईत का?" म्हणाली.

मी म्हटलं, मीच. ती म्हणाली, मग नंतर येतो.

नंतर म्हणजे चौकातल्या नव्या पार्लरमध्ये. काचेतून दिसत होतं. दोन साखरपुडेही गेले माझे. आईंना सांगितलं तर म्हणाल्या, "जाऊ दे, थे नवी पार्लरवाली भुवया बी वाकड्या काढते. येतीन वापस." तिथून करून आलेल्या एकीच्या भुवया मी जाऊन पाहिल्या. वाकड्या नव्हत्या.

१६ मे

रक्त तपासलं. आकडा खाली येतो आहे, खरोखरचा. मॅडम म्हणाल्या, आता रुळावर आलात. झोप येत नाही कामात. पंखाही लावते.

केस? ते पडताहेतच. मी मॅडमना विचारलं. त्यांनी पुन्हा वेणीला हात लावला. मी म्हटलं, मॅडम, धीर धरा म्हणायच्या आधी ती वेणी मागे टाका. त्या हसल्या आणि खरंच मागे टाकली.

गणेशला वायर गॅरेजवर ठेवायला सांगितलं. म्हटलं, मोरी मी साफ करीन, माझे केस आहेत. तो म्हणाला, "दोघं करू." लग्नाला अकरा वर्षं झाली, हे त्याचं पहिलं गोड बोलणं, आणि तेही मोरीवर.

९ ऑगस्ट

सकाळपासून वैताग. कपाळाच्या कडेनं, भांगाच्या दोन्ही बाजूंनी, बोटाच्या पेराएवढे नवे केस आले आहेत. आलेत हे चांगलंच. पण ताठ! बसतच नाहीत. पाणी लावलं, उभे. तेल लावलं, चकचकीत होऊन उभे. पार्लरमधलं सगळ्यात कडक जेल थापलं, पाच मिनिटं गप्प बसले आणि एकेक करून पुन्हा वर. आई बघून गेल्या. "लेकराच्या जावळावानी दिसते." योगिनी म्हणाली, मम्मी, तुला करंट लागला का?

दुपारी दार वाजलं. दुर्गाबाई. मार्चनंतर पहिल्यांदा. आवाज मोकळा झाला होता, शाल नव्हती. पुतणीच्या साखरपुड्याचं विचारायला आल्या म्हणे. उद्याच आहे, नव्या पार्लरवालीनं ऐनवेळी नाही म्हटलं. माझ्याकडे नाइलाजानंच आल्या, ते लपवलंही नाही.

खुर्चीत बसल्या आणि आरशात माझ्याकडे बघत राहिल्या. "हे काय व माथ्यावर?"

"नवे हायेत. बसूनच नाई राह्यले. उद्या साऱ्या पाहुन्याईसमोर मी साळिंदर दिसन."

"नवरीले पाह्यतीन का तुले?"

"मलेच पाह्यतेत बाया. थेच त दुखनं हाय माह्यं."

दुर्गाबाईंनी स्वतःचा पदर मागे सारला. त्यांच्याही भांगाच्या कडेला तसेच, पेराएवढे नवे केस, ताठ उभे.

"मंग पाहू दे," म्हणाल्या. "दोघी उभ्या राहू."